सकाळी दहाला अडणारा ब्राउझर: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचं प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक मध्यम कारखाना आहे. मागे नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागांची शेड, बाजूला शिलाई आणि पॅकिंग, पुढे काचेचं पार्टिशन घातलेलं ऑफिस. अकाउंट्स, डिस्पॅच, डिझाइन आणि मालक अशा चार टेबलांवर चार वेगवेगळ्या वयाचे कॉम्प्युटर. माल बहुतेक तेलंगणा-कर्नाटकात जातो. ५० हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं. ते पोर्टलवर काढायचं आणि पोर्टल ब्राउझरमध्ये उघडायचं. म्हणजे ब्राउझर अडला की दारातला टेम्पो अडतो. मग बाहेरून ड्रायव्हरचा आवाज येतो, "बिल झालं का बे?"

ऑफिसांचे कॉम्प्युटर बघणं हा माझा धंदा. इथली तक्रार एका ओळीची होती. सकाळी कॉम्प्युटर चालू करून क्रोमवर क्लिक केलं की पहिलं पान दिसायला दीड मिनिटाच्या आसपास लागायचं. ११ आणि २० तारखेला, म्हणजे जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्नं भरायच्या शेवटच्या दिवशी, हा दीड मिनिट फार लांब वाटायचा. अकाउंट्स सांभाळणाऱ्या अक्कांनी निदानही करून ठेवलं होतं. "अँटिव्हायरस काढून टाका सर. तो घातल्यापासूनच हे सुरू झालंय."

मालकांचं म्हणणं नेमकं उलटं. "माझ्या लॅपटॉपवर तोच अँटिव्हायरस आहे, क्रोमही तोच. माझा तर टचकन उघडतो. यांनाच काय होतंय?"

अक्कांना वाटत होतं मालकांना त्रास कळत नाही. मालकांना वाटत होतं ऑफिसला नवे कॉम्प्युटर हवेत म्हणून हे सगळं चाललंय. मला मात्र मालकांच्या बोलण्यात कामाचा धागा सापडला. एकच अँटिव्हायरस आणि एकच ब्राउझर दोन मशीनवर इतके वेगळे वागत असतील, तर दोष त्या दोघांच्या जोडीत असण्याची शक्यता कमी होते. दोन्ही मशीनमध्ये आणखी काय वेगळं आहे ते शोधायचं होतं.

काढून का टाकायचा नाही

काही ठिकाणी मी स्वतः सांगतो की पैसे भरून घेतलेल्या अँटिव्हायरसची गरज नाही, विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरे. या कारखान्यात तसं सांगता येत नव्हतं, आणि त्याचं कारण पेनड्राइव्ह.

जॅकार्डचं डिझाइन बाहेरचे डिझायनर करून देतात. फाइल पेनड्राइव्हवर येते, डिझाइनच्या कॉम्प्युटरवर तपासली जाते आणि तिथून पेनड्राइव्हनेच मागाच्या कंट्रोलरकडे जाते. तोच पेनड्राइव्ह आदल्या दिवशी दुसऱ्या कारखान्यात, त्याच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलेला असतो. फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागणं हा प्रकार सोलापुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पेनड्राइव्ह घालताक्षणी पकडणारा कुणीतरी इथे हवाच.

दुसरी वाट मेलची. खरेदीदारांच्या ऑर्डरी मेलवर येतात, बऱ्याचदा झिपमध्ये. पाठवणारा ओळखीचा असेलच असं नाही, आणि टॉवेलची चौकशी आली तर अनोळखी माणसाची फाइलही उघडावीच लागते, धंदाच तसा आहे. त्यात ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि बँकेची चालू लॉगिनं. अलीकडे माहिती चोरणारे प्रोग्राम डिस्कवर आले की सर्वांत आधी ब्राउझरच्या प्रोफाइलच्या फोल्डरकडे वळतात, कारण कुकीज आणि पासवर्ड तिथेच असतात.

तेव्हा प्रश्न एवढाच उरला की संरक्षण कुठेही ढिलं न करता तो दीड मिनिट कुठून कापायचा.

आधी मोजणी

"स्लो आहे" या दोन शब्दांवर मी सेटिंगला हात लावत नाही. मोबाइलचं स्टॉपवॉच घेतलं आणि अक्कांच्या मशीनवर वेळा घेतल्या. मशीन चालू झाल्याबरोबर ब्राउझर उघडला तर दीड मिनिट. चालू करून वीसेक मिनिटं तसंच सोडून मग उघडला तर पंधरा सेकंदांच्या आत. बंद करून लगेच पुन्हा उघडला तर चार-पाच सेकंद. मालकांच्या लॅपटॉपवर या तिन्ही वेळांत सांगण्यासारखा फरक नव्हता.

तिसरी वेळ कमी येणार हे ठरलेलं. एकदा वाचलेल्या फाइली विंडोज मेमरीत धरून ठेवतं, आणि बहुतेक अँटिव्हायरसही एकदा तपासून स्वच्छ ठरलेली फाइल बदलली नसेल तर पुन्हा तपासत नाहीत. पण दुसरी वेळ बोलकी होती. वीस मिनिटांनी उघडलं तेव्हाही क्रोमच्या फाइली त्या दिवसात पहिल्यांदाच वाचल्या जात होत्या आणि अँटिव्हायरसही चालूच होता. तरी वेळ सहापटीने कमी. म्हणजे ब्राउझर उघडताना होणारी तपासणी एवढा वेळ खात नव्हती. खाणारं जे काही होतं ते पहिल्या वीस मिनिटांतच होतं.

खात्रीसाठी एक प्रयोग केला. नेटची केबल काढली, अँटिव्हायरसचं चालू संरक्षण थोडा वेळ बंद केलं आणि मशीन नव्याने सुरू करून फक्त ब्राउझरची खिडकी दिसेपर्यंतचा वेळ घेतला. सुमारे एक मिनिट. अँटिव्हायरस नसतानाही एक मिनिट! अक्कांनी ते आकडे स्वतः पाहिले. त्यानंतर "काढून टाका" हे वाक्य आमच्या बोलण्यात पुन्हा आलं नाही. (हा प्रयोग कुणी करणार असेल तर केबल आधी काढावी आणि पेनड्राइव्ह टेबलावरून दूर ठेवावा.)

दहाच्या ठोक्याला कोण कोण येतं

विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर असतो. त्याचा डिस्कचा भाग उघडून मशीन चालू केलं की सगळी कहाणी दिसते. डिस्क शंभर टक्के व्यस्त, आणि रांगेत एकाच वेळी इतकेजण:

विंडोजचं स्वतःचं अपडेट. शोधासाठी फाइलींची सूची करणारी सेवा. प्रिंटरचा मदतनीस. डिजिटल सहीसाठी लागणारं जीएसटीचं साधन. व्हायरसच्या नव्या व्याख्या, म्हणजे ते ओळखायच्या खुणा, उतरवणारा अँटिव्हायरस. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर त्याच अँटिव्हायरसचा पूर्ण स्कॅन.

हा स्कॅन सकाळी दहाला का? सेटिंग उघडलं तर वेळ रात्री दोनची होती. ज्याने बसवलं त्याने शहाणपणानेच ठेवली असेल, रात्री कोण काम करतं? पण या ऑफिसात सात वाजता मेन स्विच बंद होतो. रात्री दोनला मशीन बंद, स्कॅन चुकला. आणि खाली एक खूण केलेली होती: चुकलेला स्कॅन मशीन सुरू झाल्यावर लगेच करावा. म्हणजे रोज रात्री चुकणार आणि रोज सकाळी भरपाई होणार.

त्यात व्याख्यांचं अपडेट. नव्या व्याख्या आल्या की कालपर्यंत स्वच्छ ठरलेल्या फाइलींवरचा विश्वास बरेच अँटिव्हायरस मागे घेतात आणि त्या फाइली पुन्हा तपासतात. त्यात चूक काही नाही, काल न ओळखलेला व्हायरस आज ओळखू येऊ शकतो. फक्त ही फेरतपासणी नेमकी तेव्हाच होते जेव्हा अक्का क्रोमवर क्लिक करतात.

आता डिस्क. अक्कांच्या मशीनमध्ये फिरणारी जुनी हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम. मालकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) आणि दुप्पट रॅम. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कला विखुरलेली प्रत्येक फाइल शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास वाचनं. साधी एसएसडी अशी हजारो वाचनं सहज करते. ब्राउझर उघडतो तेव्हा दोनशे एमबीच्या घरातली एक मुख्य फाइल वाचतो आणि तिच्यामागे प्रोफाइल, इतिहास, कॅश (पाहिलेल्या पानांचा साठा), एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) अशा असंख्य बारक्या फाइली. एकट्याला वाट मोकळी असेल तर हार्ड डिस्कही हे निभावते. पण रांगेतल्या सगळ्यांनी डिस्क वाचणाऱ्या एकाच सुईला इकडून तिकडे पळवायला सुरुवात केली की प्रत्येकाचंच काम रखडतं. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत संध्याकाळी स्कूटर घालावी तसं. स्कूटरमध्ये दोष नसतो.

त्यामुळे मला अँटिव्हायरस आणि ब्राउझर यांच्यात तडजोड लावायची नव्हती. एकाच घटकेला अंगावर येणारी कामं वेगळी करायची होती.

आधीचा तोडगा, जो तोडगा नव्हता

या तक्रारीवर आधी एकदा उपाय झालेला होता. कुणीतरी येऊन अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत तीन गोष्टी घातल्या होत्या: क्रोमचं अख्खं फोल्डर, डाउनलोड्सचं फोल्डर आणि ऑफिसात सगळ्यांसाठी सामायिक ठेवलेलं फोल्डर. गंमत अशी की त्याने सकाळचा दीड मिनिट दीड मिनिटच राहिला. वेग मिळाला नाही आणि संरक्षण मात्र नेमकं तिथे काढून घेतलं गेलं जिथून माल आत येतो.

डाउनलोड्स वगळणं म्हणजे मेलमधून येणाऱ्या प्रत्येक "ऑर्डर"ला दार उघडं ठेवणं. सामायिक फोल्डर वगळणं त्याहून वाईट, कारण एका मशीनवर आलेलं तिथून चारही मशीनवर पोहोचतं. क्रोमचं फोल्डर वगळायचं तर दोन प्रकार होतात, आणि ते बऱ्याचजणांना एकच वाटतात. फोल्डर वगळलं तर त्या फोल्डरातल्या फाइली तपासल्या जात नाहीत. प्रोसेस वगळली, म्हणजे क्रोम हा प्रोग्रामच वगळला, तर क्रोमने उघडलेली किंवा लिहिलेली कुठलीही फाइल त्या क्षणी तपासली जात नाही, मग ती डिस्कवर कुठेही असो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. ऑफिसात बाहेरून येणारं जवळजवळ सगळं ब्राउझरमधूनच येतं.

तिन्ही नोंदी मी काढल्या. कॅशचं फोल्डर तरी वगळू का, असं मालकांनी विचारलं. मी नको म्हटलं. एसएसडीवर त्याने मिळणारा वेग हाताने मोजता येत नाही, आणि हार्ड डिस्कवर खरा त्रास दुसरीकडे होता. वगळण्याची यादी एकदा सुरू झाली की वाढतच जाते, आणि तिच्यातलं कोणतं नाव का घातलं हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही.

दोन पहारेकरी एकाच दारावर

हा शोध अनपेक्षित होता. अँटिव्हायरस फाइलींवर नजर ठेवतो ते विंडोजच्या फाइल व्यवस्थेत बसवलेल्या एका फिल्टर ड्रायव्हरमधून. कोणीही फाइल उघडायला गेलं की मागणी आधी त्या फिल्टरमधून जाते. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडून 'एफएलटीएमसी' (fltmc) ही कमांड दिली की बसवलेल्या सगळ्या फिल्टरांची यादी येते आणि प्रत्येकापुढे एक आकडा दिसतो, त्याची उंची. ३,२०,००० ते ३,२९,९९८ ही पट्टी मायक्रोसॉफ्टने अँटिव्हायरससाठी राखून ठेवली आहे. अक्कांच्या मशीनवर त्या पट्टीत दोन नावं होती. एक चालू अँटिव्हायरसचं. दुसरं कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्यावर आलेल्या, मुदत संपलेल्या आणि अर्धवट काढलेल्या अँटिव्हायरसचं.

प्रोग्रामांच्या यादीत तो दिसत नव्हता, ट्रेमध्येही त्याचं चित्र नव्हतं, पण त्याचा ड्रायव्हर प्रत्येक फाइल अडवून बघत होता. अशा वेळी कंट्रोल पॅनेल कामाचं नाही. बहुतेक कंपन्या आपला अँटिव्हायरस मुळासकट काढणारं छोटं साधन देतात, ते त्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचं. ते चालवून मशीन नव्याने सुरू केलं आणि पट्टीत एकच नाव उरलं.

ब्राउझरच्या आतला पसारा

हा भाग थोडक्यात. मागचे टॅब पुन्हा उघडण्याची सोय चालू होती. त्यामुळे पोर्टल, बँक, मेल, व्हॉट्सॲप वेब आणि बाकी किरकोळ पानं एकदम उठायची. ४ जीबीत ती मावत नाहीत आणि विंडोज उरलेलं डिस्कवर टाकतं, त्याच बिचाऱ्या डिस्कवर. आता उघडताना फक्त ई-वे बिलाचं पान येतं. एक्स्टेन्शनमध्ये एक कूपन शोधणारं निघालं, ते कुणी घातलं हे कुणालाच सांगता आलं नाही. काढलं.

डिस्पॅचच्या पोराने स्वतःची युक्ती केली होती. क्रोमला उघडायला वेळ लागतो, म्हणून त्याने क्रोम स्टार्टअपच्या फोल्डरातच टाकला होता, मशीनबरोबर आपोआप उघडावा म्हणून. विचार वाईट नव्हता. पण त्यामुळे क्रोमही दहाच्या रांगेत सगळ्यांत पुढे घुसला आणि बाकीचे आणखी मागे पडले.

आणि ते पॉपअप. अक्कांचं ठाम मत होतं की अँटिव्हायरसच सारखा उजव्या कोपऱ्यात "तुमचं संरक्षण संपलं आहे, ताबडतोब नूतनीकरण करा" असं दाखवतो. ते अँटिव्हायरसचं नव्हतंच. कुठल्या तरी साइटला कधीतरी "अलाउ" म्हटलं गेलं होतं आणि ती साइट क्रोममधून सूचना पाठवत होती. क्रोमच्या साइट सेटिंगमधून नोटिफिकेशनची परवानगी सगळ्याच साइटची काढली, एक व्हॉट्सॲप वेब ठेवलं. त्या खोट्या सूचनेवर क्लिक करून पैसे भरले गेले नव्हते, नशीब. अँटिव्हायरसवरचा अर्धा राग या पॉपअपचा होता असं माझं मत आहे.

कुलपाच्या आत डोकावणं

आता वादाचा मुद्दा. बरेच अँटिव्हायरस सुरक्षित साइटवरची वाहतूकही तपासतात. त्यासाठी ते विंडोजमध्ये स्वतःचं मूळ प्रमाणपत्र (साइट खरी असल्याची ग्वाही ज्यावरून ठरते ते) बसवतात, ब्राउझर आणि साइट यांच्या मध्ये उभे राहतात, आलेला मजकूर उलगडून बघतात आणि स्वतःच्या प्रमाणपत्राने पुन्हा बंद करून पुढे देतात. हे आपल्याकडे चालू आहे का ते बघणं सोपं आहे. कुठल्याही साइटचं प्रमाणपत्र उघडायचं. देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरसचं नाव असेल तर चालू आहे. इथे चालू होतं.

याचा फायदा खरा आहे. पानातली घातक स्क्रिप्ट डिस्कवर फाइल होऊन उतरण्याआधीच दिसते. तोटाही खरा आहे. प्रत्येक जोडणीत एक मधला हात वाढतो, आणि ब्राउझर उघडताना तो एका दमात अनेक जोडण्या करतो. शिवाय मधला हात किती काळजीने काम करतो हा प्रश्न उरतोच. अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी गुगल, मोझिला आणि क्लाउडफ्लेअरमधल्या लोकांबरोबर २०१७ साली एक अभ्यास मांडला होता. अशा मध्यस्थीमुळे बऱ्याच जोडण्यांची सुरक्षितता मूळ ब्राउझरपेक्षा खाली येते असं त्यात दिसलं. २०१९ च्या सुरुवातीला फायरफॉक्सची ६५वी आवृत्ती आली तेव्हा काही अँटिव्हायरसच्या याच तपासणीमुळे लोकांना सुरक्षित साइट उघडेनात आणि मोझिलाला ते अपडेट काही काळ थांबवावं लागलं.

कारखान्यात आणखी एक अडचण होती. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, आणि रिटर्नवर डिजिटल सही केली जाते. सहीचं साधन त्याच मशीनवर एक छोटी स्थानिक सेवा चालवतं आणि पोर्टलचं पान ब्राउझरमधून तिच्याशी बोलतं. मधला हात असला की हे बोलणं कधीकधी तुटतं, आणि मग अक्का सहीचं यूएसबी टोकन काढून घालत बसतात.

मी ही तपासणी बंद केली. यावर माझ्याच धंद्यातले काहीजण नाक मुरडतील, आणि त्यांचं कारणही समजण्यासारखं आहे. पण फाइल डिस्कवर उतरताना होणारी तपासणी जशीच्या तशी चालू राहते. डाउनलोड झालेली फाइल क्रोम स्वतः विंडोजमार्फत अँटिव्हायरसपुढे ठेवतो. आणि जे गेलं ते दुसऱ्या बाजूने थोडं भरून काढता येतं. चारही मशीनवर क्रोमचं वाढीव सेफ ब्राउझिंग चालू केलं. त्यात भेट दिलेल्या पानांची जास्त माहिती गुगलकडे जाते, हे मालकांना आधी सांगितलं. ते म्हणाले, टॉवेलच्या ऑर्डरी बघून गुगल काय करणार आहे? राउटरवर क्वाड९ चा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता देणारी सेवा, लावला, ९.९.९.९. ज्या साइट घातक म्हणून माहीत आहेत त्यांचा पत्ताच तो देत नाही, आणि मशीनवर त्याचा काडीचाही भार पडत नाही.

क्रोमच्या आत स्वतःचा कोड घुसवण्याची जुनी पद्धतही या निमित्ताने तपासली. २०१८ मध्ये ६८व्या आवृत्तीपासून क्रोमने बाहेरच्या प्रोग्रामांचा असा शिरकाव अडवायला सुरुवात केली, कारण त्यामुळे ब्राउझर कोसळायचा. इथे त्या बाजूने काही निघालं नाही.

वेळापत्रक

स्कॅनची वेळ आधी दुपारच्या जेवणाची ठेवली. ती टिकली नाही. कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा उघडून अक्का त्याच मशीनवर मालिकेचा राहिलेला भाग बघतात, आणि तो अडकायला लागला तेव्हा लगेच कळवण्यात आलं. मग संध्याकाळची वेळ ठरली. अकाउंट्सचं काम संपलं की झटपट स्कॅन, तो झाला की मशीन आपोआप बंद. पूर्ण स्कॅन साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. चुकलेला स्कॅन सकाळी लगेच करण्याची खूण काढली. मात्र लागोपाठ चुकले तर सूचना यावी असं ठेवलं, नाहीतर स्कॅन कधी झालाच नाही हे कळायलाही मार्ग उरत नाही. मेन स्विच बंद करणाऱ्या मामांनाही सांगावं लागलं, हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं.

व्याख्यांच्या अपडेटला हात लावला नाही. ते पंधरा मिनिटं पुढे ढकला असं डिस्पॅचच्या पोराने सुचवलं होतं. पण सकाळी पहिल्यांदा मेल उघडतात ती वेळच सर्वांत जोखमीची. रात्रभरात आलेलं सगळं तेव्हा उघडलं जातं आणि नेमक्या त्याच वेळी व्याख्या शिळ्या असतात. काही सेकंदांसाठी तिथे सूट नाही. क्रोमचं अपडेटही तसंच. ऑगस्ट २०२३ पासून क्रोम दर आठवड्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या देतो. ज्या दिवशी ती येते त्या दिवशी सगळ्या फाइली नव्या, सगळ्यांची नव्याने तपासणी, आणि पहिलं उघडणं हळू. अक्कांना सांगून ठेवलं की एखाद्या सकाळी असं होणार.

पेनड्राइव्ह घातल्यावर होणारा स्कॅनही पूर्ण ठेवला. डिझाइनवाल्यांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि मोठा भरलेला ड्राइव्ह असेल तर चहा होऊन येतो. होऊ दे. या कारखान्यात धोका तिथून येतो, तेव्हा वेळही तिथेच खर्च व्हायला हवा.

काय निघालं

नवं काहीही विकत न घेता, केवळ एवढ्या बदलांनी अक्कांच्या मशीनवर सकाळचा दीड मिनिट अर्ध्या मिनिटाच्या जवळ आला. त्यापुढे तो उतरेना. मग मी मालकांना एसएसडी आणि रॅम सुचवली. हे आधीच सुचवलं असतं तर "तुमचं नेहमीचंच" असं ऐकावं लागलं असतं, आणि खरं सांगायचं तर दुसरा फिल्टर आणि सकाळचा स्कॅन तसेच एसएसडीखाली झाकले गेले असते. एसएसडी आणि ८ जीबी रॅम घातल्यावर मशीन चालू होताच उघडलेला ब्राउझर सात-आठ सेकंदांत पोर्टलचं पान दाखवतो. अँटिव्हायरस चालू-बंद करून पाहिलं तर फरक एखाद्या सेकंदाचा.

डिस्क बसवायला कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरच्या पंख्यावर कापसाच्या तंतूंचा चक्क नमदा जमला होता. टॉवेल कारखान्यात हे होणारच. एप्रिल-मेमध्ये इथे पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात हवा अडली तर प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. मग तक्रार पुन्हा अँटिव्हायरसच्याच नावावर जमा होते. दर तिमाहीला पंखे साफ करणं आता देखभालीत आलंय.

वेगासाठी सुरक्षा कुठे गळाली नाही ना, हे शेवटी तपासलं. त्यासाठी आयकार (EICAR) या संस्थेची चाचणी फाइल असते, ६८ बाइटची, निरुपद्रवी, पण सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस म्हणून ओळखतात. ब्राउझरमधून उतरवली, पकडली गेली. पेनड्राइव्हवरून, पकडली गेली. सामायिक फोल्डरात टाकली, पकडली गेली. आधीच्या यादीमुळे तिथे ती सुटली असती. झिपमध्ये घालून उतरवली तेव्हा मात्र गप्प बसला, आणि झिप उलगडल्याबरोबर पकडली. चालू संरक्षण बंद झिपच्या आत सहसा बघत नाही. हे डिस्पॅचच्या पोराला डोळ्यांसमोर करून दाखवलं, कारण "अँटिव्हायरस काही बोलला नाही म्हणजे झिप चांगली" असा त्याचा समज होता.

वर्गणीचं नूतनीकरण आलं तेव्हा मालकांनी विचारलंच, आता सगळीकडे फुकटातला डिफेंडरच ठेवायचा का? फुकट म्हणजे हलका असं नसतं. फायरफॉक्स चालू असताना डिफेंडर प्रोसेसर फार खातो ही तक्रार २०१८ पासून नोंदलेली होती आणि ती २०२३ मध्ये सुटली. शेवटी मालकांच्या लॅपटॉपवर डिफेंडर, कारण त्यात पेनड्राइव्ह जवळजवळ जात नाही. अकाउंट्स आणि डिस्पॅचवर पैसे भरलेलाच ठेवला, पेनड्राइव्हवरच्या नियंत्रणासाठी.

राहिला डिझाइनचा कॉम्प्युटर. त्यावरचं जॅकार्डचं सॉफ्टवेअर जुन्या डोंगलवर (कॉम्प्युटरला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं आणि प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनचं नेटच काढून टाकलं, ब्राउझरचा शॉर्टकटही. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी डिस्पॅचच्या मशीनवर तपासायचा, डिझाइनची फाइल तेवढी कारखान्याच्या स्वतःच्या पेनड्राइव्हवर घ्यायची आणि तोच आत न्यायचा. डिझाइनवाल्यांना हे फारसं पसंत नाही. त्या मशीनवर दुपारी गाणी लागायची.